तीन बादल्यांचा नियम

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी आमच्या बिल्डिंगचे नळ आधी उचकी द्यायचे, मग लांब फुसकारा सोडायचे आणि गप्प व्हायचे. बारा फ्लॅटमधले सगळे नळ, एकदम. तो आवाज मीच लावून दिलेला. आता वर्ष होत आलं, नळांच्या वेळा बदलल्या, आठ वाजता पाणी चालूच असतं. तरी आठ वाजत आले की माझ्या जिवाला थारा राहत नाही. हातातलं काम टाकून उठते, घड्याळ बघते, मागच्या बाल्कनीत जाते, कठड्यावरून खालच्या गल्लीत डोकावते, परत येते. आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणतात, "बस की गं आता. शाळा सुटली."

शाळा सुटून चार वर्षं झाली. तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे मला बाई म्हणतात, आणि मीही बारा फ्लॅटांकडे एक वर्ग म्हणूनच बघत आले. हे दुसऱ्या कुणी मला ऐकवलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. आता माझं मीच सांगते आहे.

कोल्हापुरात राहून पाण्याची काळजी करणाऱ्या माणसाला लोक हसतात. जुलैत पंचगंगा घाट गिळून रस्त्यावर येते, चारी बाजूंना ऊस, धरणं भरली की सगळं गाव गाड्या काढून बघायला जातं. "हितं पाण्याला काय तोटा हाय वो बाई?" असं मला रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी विचारलेलं आहे. मुळात कमी हा शब्दच आमच्या गावाला मानवत नाही. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचं, ही आमची रीत. पण आमची बिल्डिंग गावाबाहेरच्या उंचवट्यावर, खाली काळा खडक, आणि मार्च लागला की बोअरचं पाणी गढूळ व्हायला लागतं. मागच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या घरांची एक गल्ली आहे. तिच्या तोंडाशी हापसा. आमची बोअर त्या हापशाच्या कितीतरी खाली गेलेली आहे. एप्रिलमध्ये तो हापसा का खडखडतो हे कळायला भूगोलाच्या बाईला नकाशा लागत नाही.

त्या गल्लीतून आमच्याकडे मावशी यायच्या. मावशी म्हणजे आमच्या सात घरांची धुणीभांडी करणारी बाई. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तरी सगळी बिल्डिंग मावशी म्हणते म्हणून मीही म्हणायची. आवाज असा की तळमजल्यावर बोलल्या तर गच्चीवर ऐकू यावं. नवरा गुळाच्या बाजारात हमाली करायचा, पाठ गेली तसा घरी बसला. सासू, दोन मुली. पाच माणसं आमच्या सात घरांवर चालत होती. हे मला सोळा वर्षं माहीत होतं, आणि माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

सुरुवात झाली ती मागच्याच्या मागच्या चातुर्मासात, बस्तीत. बस्ती म्हणजे आमचं जैनांचं देऊळ. चातुर्मासात एका माताजींचा, म्हणजे साध्वींचा, मुक्काम होता. प्रवचन संपलं की बायका एकेक करून उठायच्या आणि चार महिन्यांसाठी नियम घ्यायच्या. कुणी गोड सोडलं, कुणी रात्रीचं पाणी, कुणी टीव्ही. आमच्या शेजारच्या काकूंनी कारलं सोडलं. त्यांना कारलं आवडत नाही हे अख्ख्या बस्तीला ठाऊक. दरवर्षी त्या तेच सोडतात आणि दरवर्षी त्यांना नियम मिळतो. मला ते बघून आतल्या आत चीड येत होती. नियम म्हणजे काय खेळ आहे?

माझी आई, अव्वा म्हणायचो आम्ही तिला, शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात रोज विहिरीवर पाणी गाळायची. दुहेरी पांढरं फडकं घागरीच्या तोंडावर धरायचं, त्यातून पाणी ओतायचं. मग फडक्यावर जे काही डोळ्यांना न दिसणारे जीव राहिले असतील ते थोड्या पाण्यात खळबळून घ्यायचे आणि ते पाणी परत त्याच विहिरीत सोडायचं. दुसऱ्या विहिरीत नाही, आणि वरून फेकायचं तर नाहीच. ते पाणी सोडायला तिची एक वेगळी छोटी पितळी बादली होती. बुडाला कडी, कडीला दोरी. बादली थेट पाण्याला टेकेपर्यंत उतरवायची आणि मग दोरी ओढून तिथेच हळू कलती करायची. एवढं कशाला म्हणून मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, "जितनं काढलं तितंच सोडायचं. आनि पडू द्यायचं न्हाय, उतरवायचं." मी फ्लॅटमध्ये ते निम्मंच पाळते. पाणी फडक्यानं गाळते, फडकं पिंपात खळबळते. बोअरमध्ये बादली कशी उतरवणार?

तर त्या दिवशी कारल्याच्या चिडीत मी उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "पुढच्या चातुर्मासापर्यंत, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं सोडून, माझ्या घरात दिवसाला तीन बादल्या पाणी." चार महिने नाही, वर्षभर. माताजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नियम लहान चालतो. पण तो स्वतःच्या अंगावर घ्यावा." मला वाटलं त्या कारल्याबद्दल बोलताहेत. मी हात जोडले.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, जन्मात कुणाला उलट बोलले नाहीत. म्हणाले, "म्हणजे माझी अंघोळ पण आली त्यात?"

"आली की."

"मला विचारलं नाहीस."

"चांगल्या कामाला काय विचारायचं?" मी म्हणाले.

एक बादली दोघांच्या अंघोळीला, एक कपड्यांना, एक भांडी आणि फरशीला. कपड्यांचं पाणी संडासाला. धुण्याच्या मशीनवर मी चादर घातली आणि कपडे स्वतः धुवायला लागले. मावशींना सांगितलं, तुमच्याकडे आता भांडी आणि फरशी एवढंच, आणि ही तुमची बादली, यात भागवायचं. त्यांनी बादलीकडे बघितलं, भांड्यांच्या ढिगाकडे बघितलं. "येवढ्या पान्यात?" एवढंच म्हणाल्या. मी त्यांना भांडी कमी पाण्यात कशी घासायची ते समजावून दिलं. जन्मभर भांडी घासलेल्या बाईला मी भांडी घासायला शिकवली. दहा मिनिटं.

आणि जमलं! रोज संध्याकाळी बादली रिकामी, भांडी लख्ख. मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. भेटेल त्याला सांगत सुटले. बँकेच्या रांगेत सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, मुलीला फोनवर इतक्यांदा सांगितलं की ती म्हणाली, "आई, आता बातमी बदल." पाणी मुळात फार लागतच नाही, सवयीचा प्रश्न आहे, असं मी ठासून म्हणायचे. आणि मला ते अगदी खरं वाटायचं.

एकच गोष्ट मला खटकत होती. मावशी येताना खांद्याला कापडी पिशवी लावून यायच्या, आणि काम चालू असताना मागच्या बाल्कनीत, मोरीच्या कडेला, तेलाचा पाच लिटरचा पिवळा कॅन ठेवलेला दिसायचा. रोज. त्या यायच्या सव्वाआठला, मी साडेआठला बस्तीला निघायची, त्यामुळे त्या जाताना मी कधी घरात नसायची. पण कॅन कशाला आणतात हे न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. जाताना भरून नेत असणार. एकदा ह्यांना म्हणाले, "मावशी रोज आपल्याकडचं पाणी नेतात. मी बघून न बघितल्यासारखं करते."

"मग विचार की त्यांना. म्हणावं, मोठा कॅन आणा, भरून देतो," हे म्हणाले.

"नको. ओशाळतील बिचाऱ्या."

माझ्या मनाच्या मोठेपणाचं मला कौतुक वाटलं. मी पाणी वाचवते आणि वरून दानही करते, तेही न बोलता! असं माणूस आजकाल कुठं मिळतं?

मार्चमध्ये हापसा आटला. मावशी भांडी घासताना म्हणाल्या, "बाई, हापसा नुस्ता खडाखडा वाजतोय बगा. थेंब न्हाय." मी मागच्या बाल्कनीतून बघत राहिले. दोन बायका आळीपाळीनं दांडा हाणत होत्या आणि आमच्या खालच्या पार्किंगमध्ये कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं. माझं डोकं फिरलं. त्याच रविवारी मी गच्चीवर सगळ्यांची मीटिंग लावली.

मी बोलले चांगलं, त्यात वाद नाही. अव्वाची विहीर सांगितली, पितळी बादली सांगितली. जिथनं काढलं तिथं सोडायचं. आपण नुसतं काढतोय, आणि भिंतीपलीकडच्या बायकांच्या घशातून काढतोय. माझ्या तीन बादल्या तर सगळ्यांना पाठच झाल्या होत्या. ठराव मांडला: पंप बंद ठेवायचा, पाणी फक्त सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते सात. बोअरला विसावा मिळेल, खालचं पाणी वर येईल, हापसा चालेल.

मग एकेक अडचण आली. आमचे चेअरमन म्हणजे फर्निचरच्या दुकानाचे मालक, त्यांना सगळे चाचा म्हणतात. ते म्हणाले, "बाई, आमचा रमजान चालू हाय. सहरीच्या टायमाला, पहाटं, अर्धा तास तरी पाणी सोडा की." सोडलं. तिसऱ्या मजल्यावरचं तरुण जोडपं रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरवर काम करतं. त्यांना सहाला उठणं जमेना. त्यांना मी पिंप घ्यायला सांगितलं आणि कुठल्या दुकानात चांगलं मिळतं तेही सांगितलं. एकाकडे आजारी वडील, एकाकडे शिकवणीची मुलं. सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांची सोय लावली. बाराच्या बारा फ्लॅटांनी हात वर केले. जिना उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

मावशींच्या कामाच्या वेळात, आठ ते एक, नळ बंद असताना, सात घरची भांडी कोण आणि कशानं घासणार, हे त्या गच्चीवर कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. घरी पिंप भरलेलं असेल, त्यातलं घेतील, असं काहीतरी धरून चाललो असू. धरूनसुद्धा चाललो नव्हतो. विचारच केला नव्हता.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक घरानं मावशींना सांगितलं, सहा ते आठमध्ये या. सात घरं, दोन तास. मावशी धावत होत्या. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर-खाली, ओले हात पदराला पुसत. एका घरात परात घासून होते तोवर वरून हाक. दुसऱ्या आठवड्यात बायकांची कुरकुर सुरू झाली. साठवलेलं पाणी वापरायला दिलं तर पिंप संपतं, आणि नाही दिलं तर भांडी राहतात. एकीनं दुसरीकडची बाई लावली, जी सातला यायला तयार होती. दोघींनी आपापली भांडी आपणच घासायला घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्यानं भांडी धुण्याचं यंत्र आणलं. ती मुलगी मला लिफ्टमध्ये भेटली आणि खुशीत म्हणाली, "बाई, यात हातानं घासण्यापेक्षा पाणी कमी लागतं. तुमच्या नियमात बसतंय की नाही?"

बसत होतं. मी हसले, छान म्हणाले, आणि माझ्याच मजल्यावर उतरायचं विसरून वर गच्चीपर्यंत गेले.

मावशींची चार घरं गेली, तीन राहिली. हे मला चेअरमन चाचांकडून कळलं. मावशी माझ्याशी बोलत नव्हत्या. ज्यांचा आवाज गच्चीवर जायचा त्या माझ्या मोरीत गप्प बसून भांडी घासायच्या. मला ते सहन होईना. घरात मी अशी फिरायला लागले की ह्यांनी खुर्ची भिंतीला लावून घेतली. शेवटी एका सकाळी मीच मोरीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मावशी, काय झालंय ते बोला तरी."

"काय बोलायचं?" त्या घासायच्या थांबल्या नाहीत. "तुमच्या नळानं माझी घरं खाल्ली."

"अहो, पण ते तुमच्यासाठीच केलं ना? हापशाला पाणी यावं म्हणून."

"हापशाला यील तवा यील. घरं गेली ती गेली. पोरींनी काय दांडा हाणत बसायचं?"

मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, राग आला. एवढं सगळं केलं, आणि केलं कुणासाठी, तर ही बाई मलाच ऐकवते! तीस वर्षांची शुद्ध भाषा गळून पडली आणि मी माहेरच्या बोलीत बरसले, "व्हय की! आनि रोज कॅन भरून न्हेतासा ते? मी एवढे म्हैने बघतोय. कदी तोंडातनं शब्द काढला काय?" (आमच्याकडच्या बायका आले-गेले म्हणत नाहीत, आलो-गेलो म्हणतात. वर्गात मी ते सुधारत राहिले आणि रागात स्वतः तसंच बोलते.)

मावशींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कॅनकडे, मग परत माझ्याकडे. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत.

"न्हेतोय?" त्या म्हणाल्या. "बाई, मी आणतोय."

मला कळेना.

"भरून आणतोय आनि रिकामा न्हेतोय. उचलून बगा की." मी उचलला नाही. त्यांनीच बूच काढून कॅन कलता केला. पाणी होतं, अर्धं वापरलेलं. "तुमच्या येका बादलीत येवढी भांडी आनि फरशी कदी निघाली असती व्हय वो? तुमी शिकल्या-सवरल्या. आवो, कुकरचं झाकण धुवायलाच तांब्याभर लागतंय."

"म्हणजे चातुर्मासापासनं?"

"तवापासनं. हापशाचं आणत हुतो. हापसा आटला तसं पहाटं लांबच्या सरकारी नळावर लायनीत थांबून आणतोय."

"मग मला सांगायचं नाही का?" मी विचारलं.

मावशींनी हात पदराला पुसले. "तुमी द्येवापुढं नियम घेतलाय. माझ्या हातनं मोडला असता तर पाप कुनाला लागलं असतं? मलाच की."

त्यांनी उरलेली भांडी कॅनमधल्या पाण्यात विसळली, पालथी घातली, फरशी पुसली आणि गेल्या. मी तिथेच उभी होते. तीन बादल्यांपैकी दोन आम्ही दोघं वापरत होतो आणि त्या आम्हाला पुरत होत्या. न पुरणारी बादली तेवढी मी दुसऱ्याच्या हाताखाली दिली होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी फडकं खळबळणारी मी, मला पिवळाधमक कॅन दिसून दिसला नाही. मला माझी लाज वाटली. लाज हा शब्द मी मुलांना फार वेळा ऐकवलाय, स्वतःला पहिल्यांदाच.

ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला विचारलं नाहीस, तसंच तिलाही विचारलं नाहीस."

"टोमणे मारू नका."

"टोमणा नाही गं. मला चाललं. मी दुपारी मित्राकडं जाऊन हातपाय धुवून येत होतो."

म्हणजे हेसुद्धा! माझ्या घरातला नियम सगळे मिळून माझ्यापासून लपवून पाळत होते. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. त्यानंतर चार दिवस मी एका जागी बसले नाही. रंकाळ्याला जाऊन दोन-दोन फेऱ्या मारल्या. बस्तीत गेले, माताजींना सांगावं म्हटलं, पण त्या चातुर्मास संपताच विहार करून कधीच पुढच्या गावाला गेल्या होत्या. स्वतःच्या अंगावर घ्यावा, हे त्यांचं वाक्य मात्र सगळीकडे माझ्याबरोबर फिरत होतं.

पाचव्या दिवशी परत मीटिंग लावली. या वेळी विहीर सांगितली नाही. कॅन सांगितला. जसं झालं तसं, माझ्या रागासकट. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं मान खाली घातली, खरं तर तिचा काही दोष नव्हता. मी म्हणाले, पाणी कमी वापरायचंच आहे, ते सोडायचं नाही. पण वेळा चुकल्या. सकाळी साडेदहापर्यंत पाणी राहू दे, म्हणजे भांड्यांची कामं होतील. त्याऐवजी संध्याकाळचा तास काढून टाकू, पाइप लावून गाड्या धुणं बंद करू, आणि आपल्या बोअरवरून एक नळ भिंतीपलीकडे गल्लीत काढून देऊ. नळावर थोडी वादावादी झाली. चाचा म्हणाले, "द्या की वो. आपन काय घरात विहीर खांदून आणलीया?" त्यावर विषय संपला.

मी तिथूनच मावशींना सांगायला निघाले. चार दिवस त्या आल्या नव्हत्या. पोरीला बरं नाही असा निरोप होता. माझ्या बाल्कनीतून त्यांचा पत्रा दिसतो, आणि सोळा वर्षांत मी त्यांच्या दारात पहिल्यांदा जात होते. वाट विचारावी लागली.

"या की बाई, बसा," मावशींनी सतरंजी टाकली. राग कुठेच दिसेना, त्यामुळे मी जास्तच अवघडले. दाराशी दोन निळी पिंपं, दोन्हींवर झाकणं, झाकणावर पालथा तांब्या. शेजारी माझा ओळखीचा पिवळा कॅन. तांदूळ धुतलेलं पाणी एका पातेल्यात ठेवलेलं होतं. ते कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, त्यात आधी ताटं विसळायची, मग तेच तुळशीला. पाच माणसांच्या घरात पाणी किती लागतं ते मी मनातल्या मनात धरायला गेले आणि मध्येच सोडून दिलं.

मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. मीटिंग झाली, साडेदहापर्यंत पाणी, गल्लीत नळ, तुमची घरं परत मिळतील, निदान तीन तरी मिळतील, मी स्वतः एकेकीकडे जाऊन बोलते.

मावशी ऐकत होत्या. ऐकता ऐकता उठल्या, पेला घेतला, दोरीवरचं धुतलेलं पांढरं फडकं काढून दुहेरी केलं आणि पेल्यावर धरलं. "तुमास्नी गाळल्यालं लागतंय न्हवं?" तांब्यानं हळू पाणी ओतलं. फडकं पिंपात उतरवून हलक्या हातानं खळबळलं. हे त्यांनी माझ्याच घरात बघितलेलं. पेला काठोकाठ भरून माझ्या हातात दिला. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, एका दमात, कारण मध्ये थांबले असते तर मला पुढे पिता आलं नसतं.

"नळाचं लई ब्येस केलासा," मावशी म्हणाल्या. "पोरींचा तरास वाचला. पन घरांचं ऱ्हाऊ द्या बाई. मी लागलो की दुसरीकडं."

"कुठं?"

"त्या नव्या टावरला. सकाळी आठला निगाय लागतंय, चालत जरा लांब पडतंय. पन पाच घरं येकदम गावली. आनि पानी दिवसभर धो धो. पवायचा हौदच हाय वो तितं, निळाशार. कोन कवा बंद करत न्हाय, कोन काय मोजत न्हाय."

मी बरं झालं म्हणाले. खरंच बरं झालं होतं, त्यांच्या पोरींसाठी. मी पेला खाली ठेवला आणि उठले. मावशी सोडायला दारापर्यंत आल्या. तिथे थांबल्या, माझ्या दंडाला हात लावला. सोळा वर्षांत कधी लावला नव्हता. तोंडावर खरीखुरी काळजी होती.

"पन बाई," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "चातुर्मासाला अजून तीन म्हैनं हाईत. तवर तुमच्या नियमाचं कसं वो?"